मागच्या हिचवरून रुतलेली गाडी ओढावी का?

ट्रेलर हिचचा रिसीव्हर म्हणजे गाडीच्या मागच्या टोकाला असलेली चौकोनी पोलादी नळी. चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्यांना धरून एक आडवी तुळई बसवलेली असते आणि तिच्या मधोमध ही नळी वेल्ड केलेली असते. रूढ मापात नळीचे आतले तोंड २ इंची असते, लहान गाड्यांसाठी सव्वा इंची. ट्रेलरचा गोळा बसवलेला दांडा या नळीत सरकवायचा, दोन्ही भिंतींतून आरपार पिन घालायची, पिनेला क्लिप लावायची, की जोडणी झाली. २ इंची नळीची पिन ५/८ इंच, म्हणजे जवळपास १६ मिलिमीटर जाडीची असते. सगळी रचना ट्रेलर ओढण्यासाठी आहे. मात्र दांडा काढून त्याच नळीत शॅकल अडकवायचा पोलादी ठोकळा घातला, तर चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढण्यासाठी दोर बांधायची एक जागा आयती मिळते. ही जागा त्या कामाला पुरेशी आहे का, हा वादाचा मुद्दा.

पुण्यात ट्रेलर ओढणाऱ्या खासगी गाड्या मोजक्याच. तरीही थार, गुरखा, जिम्नी, फॉर्च्युनर, व्ही-क्रॉस अशा गाड्यांच्या मागे हिच दिसतो. काहींना तो शोभेसाठी हवा असतो, काहींना मागचा बंपर वाचवण्यासाठी. उरलेल्यांना तो पावसाळ्यासाठी हवा असतो. मुळशी, पवना, पानशेत, भोर या बाजूंना शनिवार-रविवारी जाणाऱ्या गाड्या भातखाचरांच्या कडेला नाही तर धरणाच्या काठच्या गाळात रुततात. ताम्हिणी परिसरात २०२४ च्या जुलैमध्ये २४ तासांत ५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. अशा ठिकाणी वरून घट्ट दिसणारी जमीन चाकाखाली किती टिकेल याचा भरवसा नसतो. (ताम्हिणीचा काही भाग २०१३ पासून अभयारण्य आहे. तिथे रस्ता सोडून गाडी घालणाऱ्याने दोराच्या आधी वकिलाची सोय पाहावी.)

या प्रश्नावर शहरात दोन मते ऐकू येतात. एक भोसरीच्या शेडमध्ये हाताने हिच बनवणाऱ्या मिस्त्रीचे. दुसरे जोडण्यांवर ताण देऊन त्या कुठे तुटतात हे पाहणाऱ्या अभियंत्याचे. १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली एआरएआय, वेताळ टेकडीवर असल्याने हे दुसरे मतही पुण्याला परके नाही. पुढे ही दोन मते एक मिस्त्रीकाका आणि एक अभियंता ताई अशा दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडी घातली आहेत. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून ओढीचे बल किलो आणि टनांतच दिले आहे: १ टन ओढ म्हणजे १ टन वजन दोराला टांगल्यावर दोरावर येईल तेवढा ताण.

मिस्त्री : ताई, दौंड-इंदापूरकडच्या उसाच्या ट्रॉल्या बघा. एका पिनेवर दहा-दहा टन ऊस कारखान्यापर्यंत जातो, तोही खड्ड्यांतनं. तिथं पिन टिकते ना? मग दोन टनांची जीप ओढताना ती का तुटेल?

अभियंता : काका, ट्रॉलीला चाकं आहेत आणि ती फिरतात. पिनेला दहा टन कधी लागतच नाहीत.

मिस्त्री : मग किती लागतात?

अभियंता : सपाट डांबरी रस्त्यावर दोनशे-तीनशे किलो. शंभर मीटरला पाच मीटर असा चढ आला की त्यात पाचशे किलोंची भर. तेवढंच.

हिचबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. हिचवर कोरलेला आकडा चाकांवर चालणाऱ्या ट्रेलरचे वजन सांगतो; हिचला लागणारी ओढ त्याच्या काही टक्केच असते. अमेरिकी वर्गवारीत तिसऱ्या वर्गाचा हिच २२६८ किलोंच्या ट्रेलरसाठी आणि चौथ्या वर्गाचा ४५३६ किलोंच्या ट्रेलरसाठी धरला जातो. युरोपात आणि संयुक्त राष्ट्रांच्या ५५ क्रमांकाच्या नियमात हिशोब अधिक उघड आहे. तिथे गाडीचे वजन आणि ट्रेलरचे वजन यांचा गुणाकार करून त्याला दोन्हींच्या बेरजेने भागतात आणि त्यावरून जोडणीला सोसावी लागणारी आडवी ओढ ठरवतात. भरलेली गाडी २.२ टन आणि ट्रेलर दीड टन असेल, तर हा आकडा ०.९ टन येतो. म्हणजे ज्या हिचवर ‘१५०० किलो’ असे लिहिले आहे, त्याची रचना ९०० किलोंच्या आसपासच्या ओढीचा हिशोब धरून झालेली असते.

मिस्त्री : म्हणजे नऊशे एक किलो झाले की तुटणार? असं होत नाही हो. ट्रेलरचा हिच लावून अडकलेली गाडी काढलेली मी डोळ्यांनी पाहिलीय.

अभियंता : तुटणार नाही. हे तुमचं बरोबर आहे. तो आकडा दमून तुटण्याचा आहे, एका हिसक्यात तुटण्याचा नाही.

या नियमातली चाचणी अशी असते, की ठरलेल्या ओढीच्या ६० टक्के एवढे बल पुढे-मागे असे २० लाख वेळा द्यायचे आणि कुठे तडा जात नाही ना ते पाहायचे. गाडीच्या आयुष्यभर बसणाऱ्या बारीक धक्क्यांची ती नक्कल आहे. जो भाग २० लाख फेऱ्यांत टिकतो, तो एका सरळ ओढीला त्याच्या कितीतरी पट बल सोसतो. म्हणून कंपनीने बनवलेला चांगला हिच एखाद्या वेळी दोन-तीन टनांनी ओढला गेला तरी तगतो, हे मिस्त्रीचे निरीक्षण खरे आहे. अडचण एवढीच, की ही ‘कितीतरी पट’ नेमकी किती, हे हिचवर कुठेच लिहिलेले नसते. या बाबतीत कारखान्याने दिलेला स्क्रूने बसवायचा टो-डोळा तर आणखी दुबळा. युरोपीय नियमानुसार अशा टो-डोळ्याने गाडीच्या कमाल भरलेल्या वजनाच्या निम्मी ओढ सोसली की पुरते. तो रस्त्यावर बंद पडलेली गाडी हळू ओढण्यासाठी असतो. जहाजात किंवा ट्रकमध्ये गाडी बांधण्यासाठी खालच्या बाजूला दिलेल्या कड्या तर दोराच्या कामाच्याच नाहीत.

रुतलेल्या गाडीला मग लागते तरी किती? अमेरिकी लष्कराच्या वाहन-सुटकेच्या पुस्तकात एक ढोबळ नियम आहे, आणि तो जगभर वापरला जातो. चाके मध्यापर्यंत चिखलात असतील तर गाडीच्या वजनाएवढी ओढ लागते, चिखल मडगार्डपर्यंत आला तर दुप्पट, बॉनेटच्या वर गेला तर तिप्पट. माणसे-सामान धरून दोन टनांची थार असेल, तर दोन, चार आणि सहा टन.

मिस्त्री : आणि ओढणारी गाडी कोणती? तीही थारच ना? ती चार टनांनी ओढणार कशी? चाकं जागच्या जागी फिरतील.

अभियंता : हा तुमचा सगळ्यात चांगला मुद्दा आहे, काका.

खरोखरच आहे. चार चाकांची पकड जमिनीशी असलेल्या घर्षणापुरतीच. कोरड्या मातीवर दोन टनांची गाडी दोर ताणून शांतपणे ओढू लागली, तर सव्वा टनाच्या पलीकडे तिची ओढ क्वचितच जाते. ओल्या गवतावर त्याहून कमी. एवढी ओढ नीट बसवलेला कोणताही २ इंची रिसीव्हर सोसतो. म्हणून ‘हिचवरून ओढली आणि काही झाले नाही’ असे सांगणारे खोटे बोलत नसतात. त्यांचे प्रसंग बहुतेक अशा शांत ओढीचे असतात.

धोका तीन ठिकाणी वाढतो. पहिले हिसका. ओढणारी गाडी दोर ढिला ठेवून ताशी १० किलोमीटर वेगाने निघाली, तर दोन टनांच्या गाडीत साधारण ७,७०० जूल ऊर्जा असते. रुतलेली गाडी जागची हलली नाही असे धरले, तर ही सगळी ऊर्जा दोराला पोटात घ्यावी लागते. दोर किती ताणला जातो, यावर ओढ ठरते. नायलॉनचा कायनेटिक दोर दोन मीटर ताणला गेला तर सर्वाधिक ओढ ८०० किलोंच्या आसपास येते, वर इंजिनाची ओढ वेगळी. ट्रकवाल्यांकडचा पॉलिस्टरचा पट्टा ४० सेंटिमीटरच ताणला गेला, तर तीच ओढ चार टनांकडे जाते. साखळी पाच सेंटिमीटर ताणली जाईल असे धरले, तर कागदावर ३० टनांचा आकडा येतो. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी काहीतरी तुटलेले असते. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते. दुसरे ठिकाण विंचचे. ९,५०० पौंडांची विंच ड्रमवर दोराचा एकच थर असताना ४.३ टनांनी ओढते, आणि दोर पुलीवरून परत आणला तर पुली जिथे अडकवली आहे तिथे ८.६ टन येतात. ती पुली रुतलेल्या गाडीच्या हिचमध्ये असेल, तर हा भार हिचचा. तिसरे ठिकाण ट्रॅक्टरचे. मुळशी-मावळात खरी सुटका करणारे वाहन तेच असते. शेतकरी मदतीला धावून येतो, सोबत साखळी आणतो, आणि ट्रॅक्टरला चारचाकीपेक्षा वजन आणि पकड दोन्ही जास्त. साखळी आणि हिसका हे दोन्ही एकत्र आले, की हिच कोणत्या वर्गाचा हा प्रश्न मागे पडतो.

मिस्त्री : गोळ्यात पट्टा अडकवू नये, हे तर मीही गिऱ्हाइकाला सांगतो.

अभियंता : तिथं आपलं भांडणच नाही.

गोळ्यावर दोर अडकवणे हा प्रकार असा आहे, जिथे दोन्ही पक्षांचे पूर्ण एकमत आहे. गोळ्याचा देठ वरून दाबले जाण्यासाठी आणि फिरत्या ट्रेलरची हलकी ओढ सोसण्यासाठी असतो. हिसक्याने तो मानेत तुटतो, आणि ताणलेला दोर त्या गोळ्याला तोफेच्या गोळ्यासारखा फेकतो. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत अशा गोळ्यांनी माणसे दगावली आहेत. याहून अधिक लिहिण्याची गरज नाही.

खरा वाद पिनेचा. ठोकळा किंवा शॅकल नसेल, तर अनेक जण पट्ट्याचा डोळा सरळ रिसीव्हरच्या नळीत खुपसतात आणि त्यातून हिचची पिन घालतात.

मिस्त्री : यात वाईट काय आहे ते मला कळत नाही. शॅकल नाही, ठोकळा नाही, म्हणजे उडून जायला काहीच नाही. पिन नळीच्या आत बंद. तुटली तरी ती कुठं जाणार?

अभियंता : उडणार नाही, हे मान्य. पण ती वाकणार.

मिस्त्री : १६ मिलिमीटरची पिन? सळईवाले तिच्यावर घर बांधतात!

अभियंता : तुमच्याच पिनेचा हिशोब करू या. एमएसची आहे ना, लेथवर काढलेली?

साध्या एमएस पोलादाची १६ मिलिमीटरची पिन दोन प्रकारे भार घेऊ शकते. नळीत घट्ट बसणारा पोलादी ठोकळा असेल, तर तो पिनेला भिंतींच्या अगदी लगत ढकलतो आणि तिला दोन ठिकाणी कातरू पाहतो. या दुहेरी शिअरमध्ये ती कायमची बिघडायला सहा टनांच्या आसपास ओढ लागते. पट्टा मात्र ठोकळा नव्हे. तो पिनेला नळीच्या मधल्या जागेत ओढतो, दोन्ही टोकांना भिंतींनी धरलेले असते, आणि पिन धनुष्यासारखी वाकते. पट्टा मधोमध गोळा झाला असेल, तर पाऊण टनाच्या आसपासच पिन कायमची वाकायला लागते. नळीच्या सगळ्या रुंदीत नीट पसरला असेल, तर सव्वा टनाच्या आसपास. म्हणजे त्याच पिनेची त्याच नळीतली ताकद, भार कसा येतो यावरून, पाच ते आठ पटींनी बदलते. कडक केलेल्या मिश्रधातूची पिन घेतली तर हे आकडे तिप्पट होतात, पण दोन पद्धतींमधले गुणोत्तर तेच राहते.

मिस्त्री : वाकली तर वाकली. दुसरी घालू. साठ-सत्तर रुपयांचा तर माल.

अभियंता : बाहेर कशी काढणार? वाकलेली पिन भोकातून येत नाही. मुळशीत अंधार पडलाय, पाऊस चालू आहे, पट्टा दोन गाड्यांना जोडलेला आहे आणि पिन निघत नाही. मग तुम्ही पट्टा कापणार.

मिस्त्री : (हसून) ते झालंय एकदा. हॅक्सॉ ब्लेडनं पिन कापायला बसलो होतो.

पिनेखेरीज पट्ट्याचाही प्रश्न आहे. रिसीव्हरच्या तोंडाची आतली धार बहुधा घासून गोल केलेली नसते. ओढ थोडी तिरकी झाली, की पट्टा त्या धारेवर येतो आणि ताणलेले नायलॉन धारेवर घासले की धागे झपाट्याने तुटतात. या दोन्ही कारणांनी अभियंत्याचे म्हणणे उचित ठरते: शांत ओढीसाठी पट्टा थेट पिनेत घालणे चालून जाते, हिसक्यासाठी नाही. मिस्त्रीचा मुद्दाही वाया जात नाही. पट्टा थेट पिनेत असेल तर उडणारा लोखंडी तुकडा खरोखरच नसतो, आणि खुणा नसलेल्या बाजारू शॅकलपेक्षा ही पद्धत काही वेळा कमी घातक असते.

शॅकलबद्दल दोघांचे फारसे मतभेद नाहीत. पाऊण इंची बो-शॅकलवर ४.७५ टन हा सुरक्षित भार कोरलेला असतो आणि नामांकित मालात तो तुटायला त्याच्या कित्येक पट बल लागते. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जे शॅकल मिळतात, त्यांवर असा आकडा असेलच असे नाही. आकडा नसलेला शॅकल वजन उचलायचा की झेंड्याची दोरी अडकवायचा, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. शॅकलची पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे घेण्याची रीत आहे, नाहीतर भार आल्यावर आटे धरून बसतात.

आता हिचकडे. पुण्यातले बहुतेक हिच कंपनीचे नसतात. ते स्थानिक शेडमध्ये बनतात आणि गाडीगणिक वेगळे असतात.

मिस्त्री : माझ्या वेल्डिंगवर शंका घेऊ नका, ताई. टाके बघा, एकसारखे आहेत. सहा मिलिमीटरचं फिलेट आहे.

अभियंता : सहा मिलिमीटरचं फिलेट दहा सेंटिमीटर लांब घातलं, तर साध्या हिशोबानं साडेचार टन घेतं. तुमच्या नळीभोवती वीस-पंचवीस सेंटिमीटर आहे. वेल्डिंग मुळात उतरलं असेल तर पुरेसं आहे.

मिस्त्री : ‘असेल तर’ म्हणजे?

अभियंता : वरून टाका सुंदर, आणि खाली मूळ धातूत वितळलाच नसेल तर? तो नुसता चिकटलेला असतो. डोळ्यांना दिसत नाही. डीपी टेस्ट करून घ्या. भोसरीत गल्लीगल्लीत होते.

डीपी टेस्ट म्हणजे स्वच्छ केलेल्या जोडावर लाल रंग फवारायचा, थोडा वेळ भेगेत मुरू द्यायचा, पुसायचा आणि वर पांढरा डेव्हलपर मारायचा. पृष्ठभागापर्यंत आलेली तड असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. खोल आत न वितळलेला जोड मात्र या चाचणीत दिसत नाही. तिथे मिस्त्रीच्या हातावर आणि प्लेटची कड आधी तिरकी घासली होती का, यावर विश्वास ठेवावा लागतो.

वेल्डिंगपेक्षाही अधिक वेळा चुकते ती नळीची जाडी. कंपनीच्या रिसीव्हरच्या भिंती सहा मिलिमीटरच्या आसपास असतात. शेडमध्ये हाताशी असलेला तीन मिलिमीटर जाडीचा स्क्वेअर पाइप घेतला, तर आतले माप जुळते, दांडा नीट बसतो आणि वरवर पाहता फरक जाणवत नाही. पण १६ मिलिमीटरच्या पिनेसाठी पाडलेले भोक तीन मिलिमीटरच्या भिंतीत असेल, तर अडीच टनांच्या आत भोक लांबट व्हायला लागते. सहा मिलिमीटरला ही मर्यादा पाच टनांजवळ जाते. पिन कितीही भारी घेतली तरी या भोकाला त्याचा उपयोग नाही.

नट-बोल्टांवरून शेडमध्ये बरीच चर्चा होते, आणि तेच सहसा सर्वांत बळकट असतात. ८.८ ग्रेडचे १२ मिलिमीटरचे चार बोल्ट शिअरमध्ये १६ टनांच्या आसपास घेतात. कमजोरी त्यांच्या आजूबाजूला असते. लॅडर फ्रेमच्या चेसिसची पट्टी अनेकदा पेटीसारखी बंद असते. तिच्यातून आरपार बोल्ट घालून आवळला, तर पेटीच्या भिंती आत दबतात, बोल्ट ढिला पडतो आणि मिस्त्री पुन्हा आवळतो. योग्य रीत म्हणजे पेटीच्या आत बोल्टभोवती नेमक्या लांबीचा पाइपचा तुकडा घालायचा. त्यासाठी बोल्टाहून मोठे भोक एका बाजूने करावे लागते, वेळ जातो, गिऱ्हाईक घाई करत असते.

मिस्त्री : आणि काही जण ते भोक गॅस कटरनं पाडतात. मी नाही पाडत.

अभियंता : तुम्ही पाडत नाही, म्हणून तर तुमच्याकडे आले.

चेसिसवर गॅसने भोक पाडणे किंवा हिच बोल्ट न करता सरळ वेल्ड करणे हे दोन्ही टाळावे. उष्णतेने पट्टीचे पोलाद तिथल्या तिथे बदलते आणि पुढे तडा त्या कडेपासूनच सुरू होतो.

इथवरची चर्चा लॅडर फ्रेमच्या गाड्यांची आहे: थार, आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची गुरखा, जिम्नी, स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर, व्ही-क्रॉस. हॅरियर, एक्सयूव्ही ७००, क्रेटा, डस्टर यांना वेगळी चेसिस नसते. पत्र्याचा सांगाडाच भार घेतो. अशा गाडीला हिच लावता येतो, पण तो बंपरच्या मागच्या पत्र्याच्या पेट्यांना धरतो. तिथे ट्रेलरची काही टक्के ओढ ठीक, चार टनांचा हिसका नाही. या बाबतीत मिस्त्री ‘जाड प्लेट लावून देतो’ म्हणाला, तर ते मानू नये. प्लेट कितीही जाड असली, तरी तिच्या मागचा पत्रा तेवढाच राहतो.

अभियंता : सरळ ओढीबद्दल मी तुमच्याशी जवळजवळ सहमत आहे, काका. माझा विरोध आहे तो बाजूच्या ओढीला.

मिस्त्री : घाटात सरळ ओढायला जागा कुठं असते?

हा प्रश्न रास्त आहे, आणि हिचच्या विरोधातला सर्वांत वजनदार मुद्दाही त्यातच आहे. रिसीव्हर मधोमध असल्याने सरळ मागे ओढले तर भार दोन्ही पट्ट्यांवर सारखा वाटला जातो. एका कोपऱ्यातल्या टो-हुकपेक्षा ही बाजू हिचची जमेची. पण ओढ ३० अंश तिरकी झाली तर तिच्यातली निम्मी बाजूला जाते, ४५ अंशांना ७० टक्के. ठोकळा नळीच्या बाहेर दहा-बारा सेंटिमीटर डोकावत असतो. त्याच्या टोकाला बाजूने ओढले की तो तुळईला पिळतो आणि नळी जिथे तुळईला जोडली आहे त्या वेल्डिंगची एक बाजू उकलायला बघते. हीच गोष्ट खालून वर ओढताना होते, कारण रिसीव्हर बहुधा तुळईच्या पातळीखाली लोंबत असतो. वळणावर रुतलेल्या गाडीला म्हणून आधी ओढणारी गाडी हलवायची, नाहीतर दोर झाडाला किंवा दुसऱ्या गाडीला बांधलेल्या पुलीवरून वळवून घ्यायचा, आणि मग ओढायचे. पुलीच्या जागी येणारा वाढीव भार लक्षात ठेवायचा. झाडाला दोर थेट बांधू नये, रुंद पट्टा गुंडाळावा; साल सोलली की झाड मरू शकते.

लोंबणाऱ्या रिसीव्हरचा आणखी एक तोटा मिस्त्रीनेच काढला.

मिस्त्री : खरं सांगायचं तर, ताई, हा हिचच कधीकधी गाडी अडकवतो. चढावरनं उतरताना मागून जमिनीत घुसतो. चिखलात नांगरासारखा चालतो.

थारचा मागचा कोन मूळ रचनेत ३६.८ अंश आहे. खाली लोंबणारा हिच लावला की तो कमी होतो. ज्याच्या आधारे गाडी काढायची, तोच मातीत रुतून बसला तर शॅकलचे तोंडसुद्धा सापडत नाही. म्हणून ज्यांना ट्रेलर ओढायचाच नाही, त्यांनी हिचच्या वाटेला न जाता चेसिसच्या दोन्ही पट्ट्यांना उंचावर स्वतंत्र रिकव्हरी पॉइंट लावावेत आणि दोन्ही एका व्ही-आकाराच्या पट्ट्याने जोडून भार वाटून घ्यावा, असा अभियंत्याचा आग्रह आहे. मिस्त्री त्याला विरोध करत नाही. तो फक्त एवढेच म्हणतो, की गिऱ्हाइकाकडे हिच आधीच लागलेला असतो आणि दुसऱ्या कामासाठी त्याच्याकडे पैसे उरलेले नसतात.

दोघांच्या बोलण्यातून जे पटण्याजोगे निघते ते असे: लॅडर फ्रेमची गाडी, सहा मिलिमीटरची नळी, पेटीत पाइप घालून आवळलेले बोल्ट, नळीत घट्ट बसणारा ठोकळा, आकडा कोरलेला शॅकल, ताणला जाणारा दोर आणि जवळजवळ सरळ ओढ. हे सगळे जमले तर रिसीव्हर हा मागच्या बाजूचा चांगला रिकव्हरी पॉइंट आहे. यातले एखादे माहीत नसेल तर ओढ शांत ठेवावी, हिसका देऊ नये. आधी फावड्याने चाकांपुढचा आणि पोटाखालचा चिखल उपसला, टायरमधली हवा कमी केली, तर चार टनांची गरज दोन टनांवर येते. हा उपाय कोणत्याही हिचपेक्षा स्वस्त आहे आणि लोक तो सर्वांत शेवटी करतात. ओढताना दोराच्या मधोमध ओले गोणपाट टाकावे, आणि दोराच्या लांबीच्या दीडपट अंतराच्या आत कोणी उभे राहू नये. मोबाइलवर चित्रण करणाऱ्यालाही हाच नियम.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ वर्णनाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितले. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड आणि बुल बार लावलेल्या गाड्यांवर कारवाई करायला राज्यांना कळवले होते. ती भूमिका पुढच्या भागांबद्दलची असली तरी तिच्यामागचे कारण मागेही लागू पडते. शहरात बाहेर डोकावणारा लोखंडी गोळा किंवा ठोकळा मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराची नडगी फोडतो. म्हणून काम झाल्यावर ठोकळा काढून गाडीत ठेवावा. कंपनीने किंवा अधिकृत विक्रेत्याने त्या मॉडेलसाठी दिलेला हिच घेतला तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यात प्रश्न कमी येतात.

गाडी निघाल्यावर काम संपत नाही. पिन हाताने निघते का ते पाहायचे; ठोकावी लागली तर ती वाकली आहे, टाकून द्यायची. नळीतल्या भोकांच्या कडा बोटाने चाचपायच्या, लांबट झाल्या असतील तर कळते. वेल्डिंगच्या कडेचा रंग केसाएवढ्या रेघेने फाटला असेल तर खाली तड असते. बोल्ट ठरलेल्या टॉर्कने पुन्हा आवळायचे, आणि पुढच्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर ते पुन्हा एकदा तपासायचे.

मिस्त्री : आणि गाडी धुवायच्या आधी हे करा. चिखल आहे तोवर रेघ दिसते, असं नाही का ताई?

अभियंता : उलट. चिखल धुवा, मग दिसेल. पण प्रेशरचं पाणी रिसीव्हरच्या आत मारायला विसरू नका, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात ठोकळा गंजून आतच बसलेला असेल.